राख बेडात जात नाही

मोठेबाबा, तुम्ही गेलात त्या दिवशी आपल्या घरातली ओल्या कचऱ्याची बादली कुणी तपासली नाही. माणसं येत होती, शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी येत होती, आणि उरलंसुरलं सगळं त्या बादलीत पडत होतं. संध्याकाळी मी झाकण उघडलं तर आत पिठल्याचा गोळा, लोणच्याची फोड, लिंबाच्या चकत्या, चहाचे कप. तुम्ही असतात तर ती बादली अंगणाच्या मधोमध पालथी घालून सगळ्यांना गोळा केलं असतंत. मी ती उकिरड्यावर रिकामी केली, विसळली आणि जागेवर ठेवली. मला रडू आलं नव्हतं. बादली विसळतानाही आलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या गटातल्या लोकांनी तुमच्यावर चार शब्द लिहून मागितले आहेत, आणि मी डोळे पुसत पुसत लिहीन असं त्यांना वाटतं आहे.

"तू इंग्लिशमंदी शिकली ना व, तुले जमते लिवाचं," देवरावकाका म्हणाले. तुमच्या सेंद्रिय शेतीच्या गटात तुमच्या खालोखाल बोलणारे तेच. "स्मरणिकेत टाकू. भाऊ गेले, पण मातीत राह्यले, असं काही तरी लिव."

मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही. हे तुम्हाला माझ्या लहानपणापासून माहीत होतं, आणि त्याचा तुमच्याइतका उपयोग दुसऱ्या कुणी करून घेतला नाही.

आमच्या घरात त्या बादलीचा धाक देवाहून मोठा होता. तिच्यातलं सगळं तुमच्या बेडांत, म्हणजे गांडूळखताच्या बांधीव हौदांत, जायचं. रोज सकाळी चहा झाला की तुम्ही अंगणात उकिडवे बसायचात आणि तुराटीच्या काडीने एकेक गोष्ट बाजूला काढायचात. केळीची साल चालते. शेंगांची टरफलं चालतात. कागद चालतो. तेल नाही, मीठ नाही, लिंबू-संत्रं नाही. वरूडच्या पाहुण्यांनी संत्र्यांची पेटी आणली की आम्ही सालं ओढणीत बांधून गल्लीच्या टोकाला टाकून यायचो, चोरासारखे. काही सापडलं की तुमचा आवाज चार घरं ओलांडून जायचा. "काल भेंडी कोणं खारट केली होती? अर्धी फेकून राहिले. खायची नव्हती तं करायची कायले?" भेंडी आईने केलेली असायची आणि हे सगळ्यांना ठाऊक असायचं. आई ओट्याजवळ उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. बाबा पेपर वाचायचे. तुमच्या धाकट्या भावाने आयुष्यभर तो एकच पेपर वाचला असं मला कधी कधी वाटतं.

एकदा आईने न्हाणीच्या चुलीतली राख, दोन खोरी, एक नंबरच्या बेडात टाकली. शेतात टाकतात तशी इथेही चालेल असं तिला वाटलं. मी शाळेतून आले तेव्हा तुम्ही बेडाच्या काठावर उभे होतात.

"राख बेडात जात नाही," तुम्ही म्हणालात. ओरडून नाही, फळ्यावर लिहितात तसं, सावकाश. "राख म्हंजे खार. गांडुयाची कातडी किती पातळ असते, मालूम हाय काय? थे कातडीनंच श्वास घेते. त्याच्या अंगावर खार टाकून राहिली तू."

आपल्या खारपाणपट्ट्यात खार हा शब्द शिवीसारखाच आहे. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, उन्हाळ्यात वावरावर पांढरा थर चढतो. म्हणून तर बेडांसाठी तुम्ही शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी राखून ठेवायचात. आपण अंघोळ खाऱ्या पाण्याने करायची, गांडुळांना गोडं. पाहुण्यांना हे सांगायला तुम्हाला फार आवडायचं.

तर ती राख तुम्ही आईला हाताने वेचायला लावलीत. ओलं शेण, पालापाचोळा, त्यातून राख. ऊन उतरेपर्यंत ती वाकलेली होती. मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये बाजूला उभी होते. मदतीला हात पुढे केला, तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत, आणि मी तो मागे घेतला. माझा तुमच्यावरचा राग तिथून सुरू होतो. स्वतःवरचाही.

पण बेड मला आवडायचे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचीही गोष्ट करून तुम्ही चारचौघांना ऐकवली असतीत. अकोल्याच्या शाळेत माझं इंग्रजी गावाकडचं वाटायचं, गावात माझं मराठी शहराकडचं, म्हणून मी दोन्हीकडे गप्प असायचे. तुम्ही मला मॅडम म्हणायचात. "या मॅडम. बसा मॅडम. शेणात हात घालता काय मॅडम, का चमचा आणू?" चाळणीवर खत चाळणारी शेवंताबाई हसायची, कारण तुम्ही म्हणालात की हसावंच लागायचं.

मी हात घातला. तुम्ही शिकवलंत: मूठभर घ्यायचं आणि दाबायचं. एक-दोन थेंब गळले तर ओल बरोबर. धार लागली तर पाणी जास्त. मूठ उघडताच गोळा फुटला तर कमी. साबणाने धुतलेला हात बेडात घालायचा नाही. ताजं शेण उष्ण असतं, ते सावलीत पाणी मारून पंधरा दिवस थंड होऊ द्यायचं, त्याआधी गांडुळांना दाखवायचंही नाही. हे सगळं तुम्ही माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलंत.

एके दिवशी तळहातावर खताचा चुरा घेऊन त्यातून मोहरीहून थोडं मोठं, लिंबासारखं टोकांना निमुळतं, पिवळट असं काही तुम्ही निवडून काढलंत. स्वतःचा चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवलात. "उन्हाकडं धर." आत दोऱ्यासारखं काहीतरी हललं. "अंडं हाय थे. आतमंदी दोन-तीन पिल्लं असतीन." तो मऊ आवाज तुमचा होता यावर माझा आत्ताही विश्वास बसत नाही. मग म्हणालात, "यायले कान नाही, डोये नाही. यायच्याशी बोलाचं काम नाही. फक्त हात ओला ठेवाचा."

न बोलता राहता येईल अशी एकच जागा मला मिळाली, आणि ती तुम्ही दिलीत. पुढे ती तुम्हीच काढून घेतलीत, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची हे मला कळलं नाही.

बारावीची परीक्षा झाली त्या मे महिन्यात पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे होतं. चार बेड, दिवसातून दोनदा, झारीने. शेततळ्याच्या तळाशी हातभर पाणी उरलं होतं, तेच मी बादल्यांनी आणत होते. त्यात गटाची शिवारफेरी आपल्याकडे ठरलेली. बाहेरगावचे चाळीस शेतकरी बस करून तुमचे बेड बघायला येणार होते, आणि नवीन बांधलेला चार नंबरचा बेड अर्धा रिकामा होता. गोठ्यात त्या उन्हाळ्यात दोनच जनावरं होती. शेण पुरत नव्हतं.

फेरीच्या चार दिवस आधी मी सकाळी गेले तर चार नंबर काठोकाठ भरलेला, गांडुळंही सोडून झालेली, वर नीट पोती अंथरलेली. मला वाटलं, गोठ्यामागचं थंड झालेलं शेण तुम्ही पहाटे उठून भरलंत. मी झारी धरली. पोत्याखालून वाफ हाताला लागली आणि नाकात तिखट वास गेला.

"मोठेबाबा, चार नंबर गरम लागतो."

"मे महिना हाय मॅडम. सगळंच गरम लागते."

दुसऱ्या दिवशी परत सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

फेरीच्या दिवशी तुम्ही पांढरा सदरा घातला होता. तीन बेड दाखवून झाले, लोकांनी मुठी दाबून बघितल्या, आणि मग चार नंबरवरचं पोतं तुम्ही स्वतः उचललंत, नव्या नवरीच्या तोंडावरचा पदर उचलावा तसं. गांडुळं भिंतींना चिकटून वर चढलेली होती आणि तिथेच वाळली होती. कोपऱ्यांत त्यांचे गुंते पडले होते, काळे, ओले. वास आला तसे पुढचे लोक मागे सरले. "अरे बापा," कुणीतरी म्हणालं. दोघांनी मोबाईल काढले.

मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्हाला काय झालं ते कळायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ तुम्ही गप्प होतात. मग माझ्याकडे वळलात.

"पाणी कोणतं टाकलं व?"

"शेततळ्याचं." हे मी म्हणाले. पण ते माझ्या शेजारच्या माणसालाही ऐकू गेलं नसेल.

"बोअरचं टाकलं ना? शेततळं आटलं म्हणून बोअरचं ओतलं. सांगतलं होतं हिले." तुम्ही लोकांकडे वळून हात पसरलेत. "इंग्लिश शायेची पोट्टी हाय. हिले खारं-गोडं समजत नाही."

लोक हसले. मोकळे झाले, म्हणून हसले. देवरावकाका म्हणाले, "जाऊ द्या भाऊ, लेकरू हाय." आणि तुम्ही त्या मेलेल्या बेडाशेजारी उभं राहून खाऱ्या पाण्याचे तोटे पंधरा मिनिटं समजावून सांगितलेत. अगदी छान सांगितलेत. त्या बेडाला खारं पाणी लागलेलंच नव्हतं, एवढंच.

बस गेल्यावर तो बेड उपसायला मी आणि शेवंताबाई लागलो. वीतभर खाली खोरं गेलं आणि पिसं निघाली. पांढरी, बारीक, चिकट. शेवंताबाईने एक चिमटीत धरलं.

"हे तं कोंबडीखत हाय व माय." मग तिने आजूबाजूला पाहिलं आणि पीस टाकून दिलं. "म्या काही पाह्यलं नाही बाप्पा."

ताजं कोंबडीखत ताज्या शेणाहूनही जहाल, आणि वर बाहेरचं. 'माझ्या वावरात बाहेरची काडीही येत नाही' हे वाक्य तुम्ही बोलला नाहीत अशी एक सभा झाली नसेल. मेलेली गांडुळं तुम्ही सोसली असतीत. ती पिसं तुम्हाला सोसली नसती. मी एक पीस हातात घेऊन उभी राहिले, आणि वर पाहिलं तर तुम्ही गोठ्याच्या दारात होतात. तुम्ही माझा हात पाहिलात. मी तुमचा चेहरा पाहिला. आता काहीतरी बोलाल असं मला खरोखर वाटलं.

"साबणानं हात धू," तुम्ही म्हणालात.

साबणाचा हात बेडात जात नाही, हा तुमचाच नियम. तीन शब्दांत तुम्ही मला बेडांवरून काढून टाकलंत.

चार नंबर तुम्ही पुन्हा भरला नाहीत. भरून टाकला असतात तर लोक विसरले असते, मीही कदाचित विसरले असते. तुम्ही त्यावर पत्र्याची पाटी ठोकलीत: 'खाऱ्या पाण्याने मेलेला बेड'. सहा वर्षं प्रत्येक फेरीला तुम्ही लोकांना त्या पाटीजवळ नेऊन थांबायचात. पाटीवर माझं नाव नव्हतं. ते तुम्ही तोंडी सांगायचात. धामणगावच्या लग्नात एका अनोळखी बाईने माझी हनुवटी धरून विचारलं, "हेच काय थे गांडुयं मारणारी?" आपण कौतुकाने विचारतो आहोत असं तिला वाटत होतं. मी हसले. तुम्ही पुढच्याच पंगतीत बसला होतात, तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत.

बेड मेला त्याच वर्षी सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्राचा इंग्रजी फॉर्म तुम्ही माझ्यापुढे ठेवलात. "भरा मॅडम." बाहेरून आणलेलं खत, या रकान्यापाशी मी पेन थांबवलं. माझ्यासाठी ते विचारणंच होतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "लिहा, नाही." मी लिहिलं. तुम्ही माझ्यावर घातलेला आळ मी एक वेळ सोडून देईन. पण त्या एका शब्दाने तुम्ही मला तुमच्या बाजूला ओढून घेतलंत, खोट्यात सामील केलंत, आणि ते सोडून द्यावं असं मला वाटत नाही.

अमरावतीला कॉलेजात असताना मी हे सगळं एकदा इंग्रजीत लिहून काढलं. तीन पानं झाली. सुट्टीत घरी आल्यावर पानं फाडून बादलीत टाकली, कागद चालतो. सकाळी तुम्ही काडीने ते तुकडे बाजूला केलेत, एक उजेडात धरून पाहिलात, आणि परत टाकलात. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. तुमच्या गांडुळांनी ते खाल्लं. या खेपेला मराठीत लिहिते आहे.

आपलं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी पाठ केलेली वाक्यं होती. बसमध्ये, आंघोळीला, कपडे वाळत घालताना मी तुमच्याशी भांडायचे, आणि त्या भांडणात तुम्ही प्रत्येक वेळी हरायचात. समोर आलात की मला तुमच्या चपलांकडे बघावंसं वाटायचं.

शेवटच्या महिन्यात तुमच्या औषधांच्या पट्ट्यांवरचं मी वाचून सांगत होते. एकदा गोळी हातात धरून तुम्ही म्हणालात, "चार नंबर..." आणि थांबलात. मी पाण्याचा पेला धरून उभी होते. किती वेळ थांबले ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक होतं.

"चार नंबरवर ऊन येते काय आता?"

"येतं."

तुम्ही गोळी गिळलीत. तेवढ्यावरच संपलं.

तिसऱ्या दिवशी बाबा आणि मंडळी राख सावडून आली. अस्थी मडक्यात, राख तागाच्या पोत्यात. कौंडण्यपूरला जायला गाडी अंगणात उभी होती. तेवढ्यात देवरावकाकांनी हात वर केला.

"थांबा. भाऊनं मले सांगतलं होतं. माही राख नदीत टाकू नका, नदी खराब करू नका. माह्या चारी बेडात सारखी वाटून टाका, म्हणे. जिथं जिंदगी गेली तिथंच जाऊ द्या मले."

दोघा-तिघांनी डोळे पुसले. गटातल्या एकाने व्हिडिओ घ्यायला मोबाईल काढला. आता ते मातीत राहिले हे वाक्य स्मरणिकेसाठी आपोआप तयार झालं होतं. सगळे बेडांकडे चालू लागले. बाबांच्या खांद्यावर पोतं होतं.

मी आईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मोठेबाबा, दोन खोरी राखेसाठी तुम्ही तिला ऊन उतरेपर्यंत वाकवलंत. आणि स्वतःची पोतंभर राख, हाडांची, लाकडांची, चार बेडांत वाटून टाका असं सांगून गेलात. तुम्ही ते खरंच विचार करून सांगितलंत की माणसांत बसलेले असताना चांगलं वाटलं म्हणून बोललात, हे आता कळणार नाही. मला दुसरंच वाटतं. नियम दुसऱ्यांच्या राखेसाठी होता. आणि उद्या तिन्ही बेड मेले असते तर ते कुणी मारले म्हणून लोकांनी सांगितलं असतं, हेही मला दिसत होतं.

बाबांनी एक नंबरच्या काठावर पोतं टेकवलं आणि सुतळी सोडली.

"राख बेडात जात नाही," मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. बाबांनी पोत्यात हात घातला. मग मी परत म्हणाले, आणि या वेळी आवाज इतका मोठा निघाला की बाबा दचकले.

"काय म्हणते व?" देवरावकाका वळले.

"राख बेडात जात नाही. खार असते. गांडुळं मरतात."

"भाऊची राख हाय थे. चुलीतली नोहे."

"गांडुळांना ते कळत नाही."

"त्यायले कान नाही, डोये नाही," मागून शेवंताबाई म्हणाली, हुबेहूब तुमच्या आवाजात, आणि मग स्वतःच तोंडावर पदर धरला.

देवरावकाकांचं तोंड लाल झालं. "तू तं सांगूच नको बाई. चार नंबर कोणं मारला, साऱ्या तालुक्याले मालूम हाय."

"मी नाही मारला."

पुढचं वाक्यही तोंडाशी आलं होतं. सहा वर्षं घासून तयार ठेवलेलं. पण गोठ्याच्या दाराशी खुर्चीवर तुमची बायको, आमची मोठी आई, बसली होती, कपाळ मोकळं, आणि माझ्याने ते तिच्यासमोर म्हणवेना.  तिथेच सगळं परत तुमच्या बाजूने गेलं असतं.

"खरं सांगून राहिली थे," मोठी आई म्हणाली. "कोंबडीखत होतं. पोत्यांत आलतं, सकायच्या पारी. रिकामं कराले म्याच होती." ती देवरावकाकांकडे नाही, पोत्याकडे बघत बोलत होती. "मले म्हणत, पोट्टीनं पाह्यलं पण तोंड उघडलं नाही, इज्जत ठेवली माही. किती खेपा म्हणत. म्या म्हणो, मंग तिले सांगा ना. तं म्हणत, सांगतो."

 मोबाईलवाल्याने मोबाईल खिशात ठेवला.

म्हणजे तुम्ही सांगितलं होतंत. मोठ्या आईला, किती खेपा. लोकांना वाटेल, हे ऐकून मला बरं वाटलं असेल. नाही वाटलं. तुमच्या खाटेपासून माझ्या खोलीपर्यंत एक अंगण आहे. सकाळी बादलीपर्यंत यायचात, त्याहून दहा पावलं पुढे. तुम्हाला लाज वाटत होती हे मी समजू शकते, लाजेबद्दल मला बरंच समजतं. पण तुमची लाज सहा वर्षं मी वागवली, आणि तुम्ही पाटी रंगवून घेतलीत, दर दिवाळीला नवीन रंग.

बाबांनी पोत्याचं तोंड परत बांधलं. गाठ मारायला त्यांना वेळ लागला. "चाला कौंडण्यपूरले," ते म्हणाले. तुमच्या इच्छेविरुद्ध त्यांनी घेतलेला तो पहिला निर्णय असावा. तुम्ही नव्हतात म्हणून जमला, असंही म्हणता येईल. पण मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला.

वर्धा नदीला पाणी बेताचं होतं. बाबा गुडघाभर पाण्यात उतरले, पोतं उलटं केलं, आणि तुम्ही थोडा वेळ करडे, मग काहीच नाही. परतीच्या वाटेवर देवरावकाका खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "म्या तं सहा वर्सं लोकायले थेच सांगत होतो."

मग ते माझ्याकडे वळले.

"हे स्मरणिकेत लिवशीन काय?"

"हो."

"भाऊचं नाव खराब होईन ना व."

"तुम्हीच म्हणालात लिहायला."

ते छापतील की नाही मला माहीत नाही. मी लिहून देते आहे.

परत आल्यावर मी गोठ्यामागे शेणाचा ढीग लावला. रोज पाणी मारलं, खोऱ्याने वरखाली केलं. तेरावं झालं, पाहुणे गेले, वावरातली तूर खळ्यावर आली. पाटी आईने उपटली. ती आता बादलीवर झाकण म्हणून असते, अक्षरं खालच्या बाजूला. सोळाव्या दिवशी मी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. थंड.

मोठेबाबा, पंधरा दिवस फार नसतात. आणि तेवढे हाताशी नव्हते तर चाळीस माणसांना अर्धा रिकामा बेड दाखवायचा होतात, शेण पुरलं नाही म्हणायचं होतंत. लोक मुठी दाबून, चहा पिऊन निघून गेले असते. मी अजून तुमच्याकडून अंडी निवडायला शिकत राहिले असते. एवढ्याने तुमचं काय बिघडलं असतं, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ते आता मिळणार नाही, आणि तुमच्या वतीने मी उत्तर तयार करणार नाही.

राखेचं पोतं मी नदीवर सोडलं नव्हतं. घडी करून पायाशी घेऊन आले होते. शेततळ्याच्या पाण्यात ते तीन वेळा धुतलं. तिसऱ्या पाण्याला तळाशी काही बसलं नाही. तरी तागाच्या विणीत थोडं राहिलं असेलच. काल दुपारी थंड शेण चार नंबरमध्ये भरलं, तीन नंबरमधली मूठ मूठ गांडुळं आणून त्यावर सोडली. हात साध्या पाण्याने ओला केला होता. ऊन लागताच ती हलली आणि बघता बघता खाली गेली. मग मी वरून तुमचं पोतं अंथरलं आणि झारीने पाणी दिलं.

तेवढी राख चालते.